साहेबाला 'थांबा' म्हणणं हेही कामच आहे: फॉलोअरशिप म्हणजे नेमकं काय

लीडर कसं व्हावं यावर ऑफिसात ट्रेनिंगं ढिगानं होतात, वर्कशॉप काय, ऑफसाइट काय, सर्टिफिकेटं काय, आणि मग सोमवारी सगळे परत कामाला येतात तेव्हा त्यातला जवळपास प्रत्येक जण दिवसभर करतो काय, तर दुसऱ्या कोणीतरी ठरवलेलं काम पुढं नेतो. म्हणजे जे क्वचित करायचं त्याचं ट्रेनिंग मिळालं आणि जे रोज करायचं ते ज्यानं त्यानं आपापल्या परीनं शिकायचं. या रोजच्या कामालाच फॉलोअरशिप म्हणतात, आणि माझं मत विचाराल तर एखादी टीम चालते की बुडते हे लीडरच्या भाषणापेक्षा यावर जास्त ठरतं की खालची माणसं वाईट बातमी वर नेतात का, आणि कशी नेतात.

फॉलोअर म्हटलं की डोळ्यासमोर मान डोलावणारा, सांगितलं तेवढं करणारा माणूस येतो, म्हणून ते लेबल कोणालाच नको असतं. रेझ्युमेमध्ये कोणी लिहीत नाही की मी उत्तम फॉलोअर आहे. पण ही काही माणसाची जात नाहीये, ती त्या वेळची भूमिका आहे. टीम लीड दहाच्या कॉलवर लीडर असतो आणि अकराच्या कॉलवर डायरेक्टरसमोर फॉलोअर, सीईओसुद्धा बोर्डासमोर गेला की तसाच सावरून बसतो. आणि उलटंही होतं. रात्री सर्व्हर बसला की जिला लॉग (सर्व्हरनं ठेवलेल्या नोंदी) वाचता येतात ती ज्युनिअर मुलगी कॉल चालवते, तिचा मॅनेजर 'मी काय करू सांग' म्हणून बसलेला असतो, आणि तो चांगला मॅनेजर असेल तर दर पाच मिनिटांनी 'किती वेळ लागेल' विचारून तिचं डोकं खात नाही, वरून येणारे फोन तो स्वतः झेलतो. त्या दोन तासांपुरता तो तिचा फॉलोअर आहे आणि त्यात त्याचं काहीच कमी होत नाही.

मेरी पार्कर फॉलेट नावाच्या अमेरिकन बाईंनी हे १९२० च्या दशकातच सांगून ठेवलं होतं. त्यांचं म्हणणं असं की हुकूम एका माणसानं दुसऱ्या माणसाला सोडायचाच कशाला, दोघांनी मिळून परिस्थितीकडं बघावं आणि ती जे मागतेय ते करावं. ऐकायला जरा भाबडं वाटतं, पण वरचा सर्व्हरवाला प्रसंग बघा, तिथं नेमकं हेच चाललेलं असतं. दुसऱ्या दिवशी सकाळी मात्र सगळे आपापल्या खुर्चीत परत, आणि तीच मुलगी मीटिंगमध्ये तोंड उघडायला घाबरते, ही खरी गंमत आहे.

फॉलोअर या विषयाकडं लोकांचं नीट लक्ष गेलं ते १९८८ मध्ये, रॉबर्ट केली नावाच्या प्राध्यापकांच्या एका लेखामुळं. त्यांनी दोनच प्रश्न विचारले. एक, हा माणूस स्वतःचं डोकं वापरतो की बॉसच्या डोक्यानं चालतो? दोन, काम आपणहून अंगावर घेतो की दरवेळी ढकलावं लागतं? यातून पाच नमुने निघतात. डोकंही नाही आणि हालचालही नाही, ती मेंढरं. हालचाल भरपूर पण डोकं गहाण टाकलेलं, ते होयबा. डोकं तल्लख पण हात आखडते, ते कडवट झालेले. मध्येच कुठंतरी उभे, वारा येईल तशी पाठ देणारे, ते तगून राहणारे. आणि स्वतः विचार करतात, कामही ओढतात, ते खरे कामाचे.

मेंढरांबद्दल फार बोलण्यासारखं नाही. होयबांबद्दल मात्र आहे, कारण हा माणूस बॉसला सगळ्यात गोड लागतो. बॉस बोलला की याची मान नंदीबैलासारखी हलते, तारीख विचारली की 'होऊन जाईल सर', खर्च विचारला की 'मॅनेज करू', आणि हा कामसू असल्यामुळं त्याचं खोटं लवकर उघडंही पडत नाही, कारण रात्री जागून तो निम्मं काम ओढून नेतोच. पण बॉसला त्याच्याकडून मिळतं काय, तर स्वतःचंच मत परत, जरा गोड करून. अशी पाच माणसं भोवती जमली की बॉसला वाटायला लागतं आपलं कधी चुकतच नाही, मग सहावा कोणीतरी खरं बोलला की तोच खटकतो.

कडवट झालेल्यांची गोष्ट वेगळी आणि जास्त वाईट. प्रत्येक ऑफिसात असा एक जण असतोच, मीटिंगमध्ये मागं बसतो, नवीन योजना जाहीर झाली की शेजारच्याच्या कानात काहीतरी बोलतो आणि दोघं हसतात, आणि सहा महिन्यांनी योजना आपटली की कळतं की हा जे बोलला होता ते शब्दन् शब्द खरं होतं. हा माणूस जन्मतः कडवट नसतो हो. बहुतेक वेळा हा पूर्वी पाचव्या गटातला असतो, त्यानं कधीतरी खरं सांगितलं, ते कोणी ऐकलं नाही, किंवा ऐकून श्रेय दुसऱ्यालाच गेलं, किंवा अप्रेझलमध्ये 'टीम प्लेअर नाही' असा शेरा पडला, आणि मग त्यानं डोकं चालू ठेवून तोंड आणि हात दोन्ही बंद केले. एचआरला हा 'अ‍ॅटिट्यूड प्रॉब्लेम' वाटतो. माझ्या मते हा मॅनेजमेंटचा जुना हिशोब आहे जो कोणी चुकता केला नाही.

म्हणूनच हे पाच नमुने माणसाच्या कपाळावर चिकटवायची हौस मला पटत नाही. एकच माणूस एका बॉसच्या हाताखाली होयबा असतो आणि बॉस बदलला की भांडून भांडून काम सुधारायला लागतो. नमुना त्या दोघांच्या नात्याचा असतो, एकट्या माणसाचा नाही.

आता मुख्य गोष्ट, लोक गप्प का बसतात. भित्रे असतात म्हणून? थोडंफार. पण बरेचदा तो साधा हिशोब असतो. समजा मॅनेजर म्हणाला रिलीज १५ तारखेला. खोलीत सात जण आहेत, त्यातल्या चौघांना माहितीये की १५ ला होत नाही. बोललं तर आज, आत्ता, माझ्या एकट्याच्या नावावर 'निगेटिव्ह' असा शिक्का. नाही बोललं तर लेट होणार, पण तीन आठवड्यांनी, आणि तेव्हा सगळेच लेट असणार, माझं एकट्याचं काही जाणार नाही. शिवाय हेही मनात असतंच की मला दिसतंय ते साहेबाला दिसत असणारच की, त्यांचा काहीतरी विचार असेल. गंमत म्हणजे तिकडं साहेबही हाच विचार करत असतो, की काही अडचण असती तर कोणी बोललं असतं की. सगळे गप्प, सगळ्यांना वाटतं बाकीच्यांना मान्य आहे.

यावरचा सगळ्यात गाजलेला प्रयोग म्हणजे स्टॅन्ली मिलग्रम यांचा, येल विद्यापीठात १९६१ पासून केलेला. कोट घातलेला एक शास्त्रज्ञ सांगतोय म्हणून साधी माणसं पलीकडच्या खोलीतल्या माणसाला विजेचे झटके द्यायला तयार होतात का हे बघायचं होतं, झटके खोटे होते पण देणाऱ्याला ते माहीत नव्हतं. ४० पैकी २६ जण शेवटच्या ४५० व्होल्टच्या बटणापर्यंत गेले. हा आकडा सगळे सांगतात, मला मात्र त्याच मालिकेतला दुसरा एक प्रकार जास्त कामाचा वाटतो, तो फारसा कोणी सांगत नाही. त्यात झटके देणाऱ्याच्या शेजारी आणखी दोन जण बसवले होते, ते आतून मिळालेले होते आणि ठरल्याप्रमाणे ते मध्येच 'आम्ही नाही करणार' म्हणून उठले. तेव्हा शेवटपर्यंत गेले ४० पैकी फक्त ४. ऑर्डर तीच, कोट तोच. शेजारचा उठला एवढाच फरक. म्हणजे त्या सात जणांच्या मीटिंगमध्ये पहिला जो बोलतो त्याच्या मुद्द्याइतकंच महत्त्व या गोष्टीला आहे की त्याच्यामुळं दुसऱ्याला बोलता येतं. आणि दुसरा असाल तर निदान 'मलाही तसंच वाटतंय' एवढं तरी म्हणा, मीटिंग संपल्यावर चहाच्या मशीनपाशी येऊन 'बरं बोललास रे' म्हणण्याला काडीची किंमत नाही.

गप्प बसण्याची किंमत कुठं नीट दिसत असेल तर विमानाच्या कॉकपिटमध्ये, कारण तिथलं बोलणं रेकॉर्ड होतं. २७ मार्च १९७७, स्पेनच्या टेनेरीफ बेटावरचा लॉस रोडिओस विमानतळ, दाट धुकं, एकच धावपट्टी आणि तिच्यावर दोन बोइंग ७४७, एक केएलएम या डच कंपनीचं, एक पॅन अ‍ॅम या अमेरिकन कंपनीचं. केएलएमचे कॅप्टन साधेसुधे नव्हते, कंपनीत ७४७ चं ट्रेनिंग देणारे तेच, आणि शेजारचा सहवैमानिक या विमानावर तसा नवीन. कॅप्टननं विमान पुढं काढायला घेतलं तेव्हा सहवैमानिक म्हणाला थांबा, अजून क्लिअरन्स, म्हणजे कंट्रोलची परवानगी, नाही मिळाला. कॅप्टन म्हणाला माहितीये, विचार. विचारलं, कुठल्या मार्गानं जायचं त्याचा क्लिअरन्स आला, उड्डाणाचा नव्हे, पण कॅप्टननं विमान उड्डाणासाठी पळवायला घेतलं, आणि या खेपेला सहवैमानिकानं परत अडवलं नाही. एकदा टोकून झालं होतं ना, परत कसं टोकायचं. मग रेडिओवर ऐकू आलं की पॅन अ‍ॅम अजून धावपट्टीवरून बाहेर पडलेलं नाही. मागं बसलेल्या फ्लाइट इंजिनिअरला खटकलं, त्यानं विचारलं, तो बाहेर नाही पडला का मग? कॅप्टन ठामपणे म्हणाला, पडलाय की. विषय संपला, आणि काही सेकंदांत दोन्ही विमानं धडकली, ५८३ माणसं गेली.

कारणं आणखीही होती, धुकं होतं, रेडिओवर दोन जण एकाच वेळी बोलल्यामुळं शब्द खाल्ले गेले, भाषा संदिग्ध होती, सगळा दोष एकट्या कॅप्टनवर ढकलणं बरोबर नाही. पण इंजिनिअरनं शंका कशी मांडली ते बघा. बरोबर होती, वेळेवर होती, पण प्रश्नाच्या रूपात होती, आणि प्रश्नाला उत्तर मिळालं की प्रश्न संपतो. पुढच्याच वर्षी, २८ डिसेंबर १९७८ ला, अमेरिकेत पोर्टलंडजवळ युनायटेड या विमान कंपनीच्या विमानाचं असंच झालं. चाकांमध्ये बिघाड वाटला म्हणून कॅप्टन तासभर घिरट्या घालत त्याचाच विचार करत बसले, इंधन कमी होतंय हे हाताखालच्यांना दिसत होतं, ते सांगतही होते, पण जोर लावून 'आत्ता उतरवा' असं कोणी म्हणालं नाही, आणि इंधन संपून विमान पडलं, १० जण गेले.

यानंतर विमान कंपन्यांनी जे केलं ते मला सगळ्यात शिकण्यासारखं वाटतं. पायलटला आणखी चांगलं विमान चालवायला शिकवून हे सुटणार नाही हे त्यांच्या लक्षात आलं. १९७९ मध्ये नासानं यावर वर्कशॉप घेतलं, १९८१ पासून युनायटेडनं ट्रेनिंग सुरू केलं, पुढं त्याला क्रू रिसोर्स मॅनेजमेंट असं नाव पडलं आणि ते जगभर पसरलं. त्यात कॅप्टनला ऐकायला शिकवतात आणि हाताखालच्याला बोलायला, दोन्ही, एकाला शिकवून उपयोग नाही. बोलायच्या पायऱ्यासुद्धा ठरवून दिल्यात. आधी साधं विचारायचं. नाही ऐकलं तर धोका काय आहे ते स्पष्ट सांगायचं. तरी नाही ऐकलं तर असं असं करा म्हणून थेट पर्याय द्यायचा. आणि तरीही नाहीच, तर हस्तक्षेप करायचा. टेनेरीफचा इंजिनिअर पहिल्या पायरीवर थांबला, आणि खरं सांगायचं तर ऑफिसात आपण सगळेच पहिल्या पायरीवर थांबतो.

ऑफिसच्या भाषेत हे कसं दिसतं? 'सर, थोडं टाइट होईल ना?' ही पहिली पायरी, याला 'करून टाकू' एवढं उत्तर पुरतं. त्याऐवजी असं म्हणा: 'सर, १५ ला रिलीज म्हणजे टेस्टिंगला चारच दिवस, मागच्या वेळी दहा लागले होते आणि तरी दोन बग सुटले. एकतर पेमेंटचा भाग पुढच्या रिलीजमध्ये टाकू किंवा तारीख २२ करू. माझं मत पहिल्याला आहे.' यात आवाज चढवलेला नाही, उद्धटपणा नाही, साहेबाचं काही चुकलं असंही म्हटलेलं नाही, पण याला नुसतं 'करून टाकू' म्हणून टोलवता येत नाही, काहीतरी निवडावं लागतं. आणि शक्यतो हे सगळ्यांसमोर क्लायंटच्या कॉलवर सुनवायचं नसतं, कॉलच्या आधी दहा मिनिटं गाठून सांगायचं असतं. साहेबाचीही अब्रू असते बाबा.

अर्थात, तेच वाक्य एकानं म्हटलं तर ऐकलं जातं आणि दुसऱ्यानं म्हटलं तर कटकट ठरते, हे दिसायला अन्यायाचं असलं तरी त्याला कारण आहे. एडविन हॉलंडर नावाच्या मानसशास्त्रज्ञानं १९५८ मध्ये यावर मांडणी केली, ती अशी की ग्रुपमध्ये माणसाचं एक खातं असतं, वेळेवर काम करून, शब्द पाळून, अडीअडचणीला उभं राहून त्यात जमा होत जाते, आणि वेगळं मत मांडताना त्यातून खर्च होतो. नवीन माणूस पहिल्याच आठवड्यात 'तुमची सगळी पद्धतच चुकलीये' म्हणतो तेव्हा तो बरोबर असू शकतो, पण खात्यात शिल्लक शून्य असते. याची दुसरी बाजू अशी की ज्याच्या खात्यात भरपूर आहे असा पंधरा वर्षं काढलेला माणूसही कधीच काही खर्च करत नसेल तर ती शिल्लक टीमच्या काय कामाची.

आणि सांगूनही साहेबानं उलटच ठरवलं तर? तर ते मनापासून करायचं. हे लोकांना फार जड जातं. 'तुम्हीच म्हणालात ना' हे वाक्य खिशात ठेवून अर्ध्या मनानं काम करायचं, आणि आपटलं की ते बाहेर काढायचं, हा प्रकार मला होयबापेक्षाही खालचा वाटतो. तुमचं मत ऐकलं गेलं, त्याच्या हातात तुमच्यापेक्षा वेगळी माहिती असू शकते, आणि शेवटी जबाबदारी त्याची आहे. फक्त हे चालतं मतभेदाच्या गोष्टींत, तारीख, डिझाइन, कोणाला कुठलं काम वगैरे. कोणाच्या जिवाला धोका, कायदा मोडणं, आकडे खोटे दाखवणं असलं काही असेल तर तिथं 'साहेब म्हणाले म्हणून' हे उत्तर चालत नाही, तिथं लेखी नोंद करून वरच्याकडं जायचं, आणि तिथंही दाद नाही लागली तर सही करायची नाही.

इथपर्यंत सगळं हाताखालच्याला सांगून झालं, पण खरी चावी साहेबाकडंच असते हेही तितकंच खरं. एमी एडमंडसन या संशोधक १९९० च्या दशकात हॉस्पिटलमधल्या औषधांच्या चुकांचा अभ्यास करत होत्या, त्यांना वाटलं होतं चांगल्या टीममध्ये चुका कमी निघतील, आणि आकडे आले उलटे, चांगल्या टीममध्येच चुका जास्त. खोलात गेल्यावर उलगडा झाला की त्या टीम चुका जास्त करत नव्हत्या, जास्त सांगत होत्या, बाकीच्या ठिकाणी त्या दाबल्या जात होत्या. म्हणून ज्या मॅनेजरच्या डॅशबोर्डवर वर्षभर सगळं हिरवंच, म्हणजे सगळं ठीक असंच, दिसतं त्याची मला काळजी वाटते.

साहेबानं काय करावं याची मोठी यादी लागत नाही. मीटिंगमध्ये स्वतःचं मत शेवटी सांगावं, आधी सांगितलं की बाकीचे फक्त री ओढतात. 'काही प्रश्न?' असं विचारू नये, त्याला उत्तर कायम 'नाही सर' असतं, त्याऐवजी 'हे आपटलं तर कशामुळं आपटेल?' असं विचारावं आणि गप्प बसावं, शांतता टोचायला लागेपर्यंत. पण या सगळ्यापेक्षा मोठी गोष्ट म्हणजे वाईट बातमी आल्यावरचे पहिले दोन सेकंद. चेहरा आक्रसला, 'आत्ता सांगतोयस?' असं तोंडातून निघालं, की खोलीतल्या बाकीच्यांनीही ते बघितलेलं असतं आणि पुढचे सहा महिने ते लक्षात ठेवतात. दार उघडं आहे, कधीही या, असं म्हणणाऱ्या साहेबांच्या दारात मी रांग काही बघितलेली नाही. त्यापेक्षा टोयोटाच्या कारखान्यातली दोरी बरी, लाइनवरच्या कुठल्याही कामगाराला खटकलं की त्यानं दोरी ओढायची, टीम लीडर धावत येतो, आणि ठरलेल्या जागेपर्यंत प्रश्न सुटला नाही तर लाइन थांबते. तिथं बोलायला धाडस लागत नाही, बोलणं हा कामाचाच भाग आहे.

सगळ्यात अवघड जागा मधल्या मॅनेजरची, कारण त्याला हे दोन्ही एकाच दिवशी करायचं असतं. वरून असा निर्णय येतो जो त्याला पटलेला नाही, त्यानं वर भांडून बघितलं, हरला, आणि आता टीमला सांगायचंय. इथं बहुतेक जण म्हणतात 'मलाही पटत नाही रे, पण वरून आलंय', आणि त्या क्षणी बरं वाटतं, टीमच्या बाजूचा वाटतो, पण टीमला त्यातून दोन गोष्टी कळतात, हे काम मनापासून करायचं नाही आणि आपल्या मॅनेजरचं वर काही चालत नाही. दुसरं टोक म्हणजे आपल्याच डोक्यातून निघालंय असं दाखवणं, ते लगेच ओळखू येतं. मधला रस्ता असा: निर्णय काय झाला, त्यामागं वरच्यांनी दिलेलं कारण काय, आपले कुठले मुद्दे वर मांडले आणि त्यातला कुठला मान्य झाला, आणि कुठली गोष्ट दिसली की आपण हा विषय परत वर नेणार. हे शेवटचं तारखेसकट सांगायचं, आणि त्या तारखेला खरंच न्यायचं.